लिंबू कापलं, पण पट्टा कसा फिरला?

विषय पक्षांच्या राजकारणाचा नाही, पण वर्गणीच्या पैशाचा, लेकरांच्या जिवाचा आणि आपल्या इतिहासाचा नक्की आहे.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरताना बघितला नाही असा माणूस आमच्या आखाडा बाळापुरात सापडायचा नाही. डीजे थोडा वेळ बंद होतो, गर्दी मागं सरते, फेटा बांधलेला एक पोरगा मधे येतो, सलामी देतो, आणि पातं सपसप फिरायला लागतं. मग एक जण रस्त्यावर आडवा पडतो, त्याच्या पोटावर केळ, गळ्यावर काकडी, हातावर लिंबू. पट्टा खाली येतो, लिंबाच्या दोन फोडी होतात, शिट्ट्या पडतात, मोबाइल वर झालेले असतातच. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या धंद्यातलं ठरलेलं वाक्य छापून येतं: चित्तथरारक प्रात्यक्षिकांनी उपस्थितांच्या डोळ्यांचे पारणे फेडले. पारणे फेडले म्हणजे नेमकं काय केलं, हे कुणी लिहीत नाही. लिहिणार कसं? बघायचं काय हेच माहीत नसतं.

आता याच गावात कुस्तीचा फड लावा. पारावर बसलेला सत्तरीचा म्हातारा लांबून सांगेल, ढाक लावली, घिस्सा मारला, एकेरी पट काढला, कलाजंग बसली नाही. पैलवान पडला तरी चांगला लढला म्हणून त्याला खिशातले पन्नास रुपये देईल. जिंकलेला नुसता वजनानं जिंकला असेल तर टाळी वाजवणार नाही. कुस्तीचा प्रेक्षक आपल्याकडं शिकलेला आहे. पट्ट्याचा प्रेक्षक अडाणी आहे, मी धरून. आमच्या गावाच्या नावातच आखाडा आहे. हा शब्द गोसाव्यांच्या मठाला लावतात, कुस्तीच्या मातीला लावतात आणि मर्दानी खेळ शिकवणाऱ्या तालमीलाही लावतात. त्या तिसऱ्या आखाड्याची परीक्षा करायची नजर मात्र आपल्याकडं राहिली नाही. ती का गेली, आणि दुसऱ्या एका देशानं ती कशी टिकवली, हे सांगायला ही पोस्ट.

सुरुवात आपल्याच निजामी मुलखापासून करतो.

लुई नोलन नावाचा एक इंग्रज कॅप्टन होता. घोडदळाचा वेडा. हिंदुस्थानात नोकरी केलेली. १८५३ साली त्यानं घोडदळावर एक पुस्तक लिहिलं आणि पुढच्याच वर्षी क्रिमियात बालाक्लाव्हाच्या त्या प्रसिद्ध हल्ल्यात पहिल्या काही मिनिटांत मेला. हल्ल्याचा हुकूम घेऊन जाणारा तोच होता. तर त्या पुस्तकात त्यानं निजामाच्या घोडेस्वारांची एक हकिकत दिली आहे. एका चकमकीनंतर डॉक्टरचा अहवाल वाचून तो चक्रावला. कुणाचं मुंडकं एका वारात उडालेलं, कुणाचा हात खांद्यापासून अलग. एवढं कापणारी तलवार असेल तरी कसली, म्हणून त्यानं ती बघितली. निघाली काय, तर इंग्रजांच्याच पलटणीनं टाकून दिलेली जुनी पाती! आपल्या लोकांनी नवी मूठ बसवली होती, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लोखंडी म्यान फेकून लाकडी म्यान केलं होतं. लोखंडी म्यानात पातं घासून बोथट होतं, लाकडी म्यानात धार टिकते. नोलननं एका जुन्या स्वाराला विचारलं की बाबा, वार करायला शिकवता कसं? म्हाताऱ्याचं उत्तर असं होतं की शिकवत बिकवत काही नाही, तलवारीला धार असली की ती कुणाच्याही हातात कापते.

हिंगोलीला निजामाच्या अशाच, इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट म्हणायचे तिला. १९०३ पर्यंत ती छावणी होती. म्हणजे असली लाकडी म्यानं आपल्या रस्त्यांवरून गेलेली आहेत.

त्या म्हाताऱ्या स्वाराचं म्हणणं नीट ऐका. वार बसून वस्तू कापली गेली यातून पात्याची परीक्षा होते, माणसाची होत नाही. मिरवणुकीत लिंबाच्या फोडी झाल्या म्हणून आपण ज्याला टाळी देतो, ती टाळी खरं तर धार लावणाऱ्या शिकलगाराची असते.

हेच जपान्यांनी फार आधी ओळखलं होतं. त्यांच्याकडं तलवारीनं वस्तू कापून बघण्याच्या प्रकाराला तामेशिगिरी म्हणतात. तामेशी म्हणजे चाचणी, गिरी म्हणजे कापणं. एदो काळात ही चाचणी चक्क मृत्युदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर व्हायची. यामादा आसाएमोन नावाच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हे काम होतं. निकाल तलवारीच्या मुठीत लपणाऱ्या भागावर कोरून ठेवत, की या तलवारीनं अमुक इतकी धडं एका वारात कापली. नाव कोरलं जायचं ते चाचणीचं, भाव वाढायचा तो तलवारीचा. अंगावर काटा येणारा प्रकार आहे, पण हिशेब स्वच्छ होता. कापणं ही मालाची तपासणी.

मग तलवार चालवणाऱ्याची तपासणी कशी करायची? हा प्रश्न जपानला फार जोरात पडला, कारण त्यांची तलवार सरकारनंच काढून घेतली. १८७६ साली मेजी सरकारनं हुकूम काढला की सैन्य, पोलीस आणि काही सरकारी प्रसंग सोडले तर कमरेला तलवार लावायची नाही. लाखो सामुराई आधीच बेकार झाले होते. त्यांतल्या साकाकिबारा केनकिची नावाच्या नावाजलेल्या उस्तादानं त्याआधी तीन वर्षं, १८७३ ला, टोकियोत तिकीट लावून तलवारबाजीचे खेळ सुरू केले. आपल्याकडच्या तंबूतल्या तमाशासारखं समजा. लोक तुफान आले. पोटं भरली. पण जुन्या लोकांनी नाकं मुरडली की हे तलवारीला बाजारात उभं करणं आहे. गर्दीला हाणामारी आणि आरडाओरडा आवडतो, म्हणून खेळाडूही तसलंच करायला लागले. त्याच साकाकिबारानं पुढं १८८० च्या दशकात सम्राटापुढं लोखंडी शिरस्त्राणावर वार करून ते काही इंच चिरून दाखवलं. बाकीच्यांना ते जमलं नव्हतं. म्हणजे तमाशा करणारा माणूस कच्चा होता असं नाही हं. पोट आणि कसब दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

पुढं त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. १८९५ ला क्योतोत एक मोठी संस्था काढली, उस्तादांना एकत्र बसवलं, दर्जे ठरवले. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर अमेरिकनांनी सगळं बंद पाडलं, तरी १९५२ ला केन्दोचा महासंघ उभा राहिला. या सगळ्या प्रवासात तलवारीच्या विद्येचे तीन भाग वेगळे झाले. केन्दो म्हणजे बांबूची तलवार, अंगावर चिलखत, समोर खराखुरा प्रतिस्पर्धी, आणि लागलेल्या वाराचे गुण. तामेशिगिरी म्हणजे भिजवलेल्या चटईची गुंडाळी उभी करून ती कापणं. आणि तिसरा इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार काढण्याची विद्या. समोर कुणी नाही, शत्रू मनात धरायचा.

हा तिसरा प्रकार मला सगळ्यात चकित करतो. महासंघानं १९६९ ला सगळ्यांसाठी सारखे सात नमुने ठरवले, ते वाढत वाढत आता बारा झालेत. स्पर्धेत दोन जण शेजारी शेजारी उभे राहतात, ठरलेले नमुने करून दाखवतात. तीन परीक्षक. नमुने संपले की तिघं एकदम निशाण वर करतात, लाल किंवा पांढरं. दोन निशाणं ज्याची तो जिंकला. काही कापलेलं नाही, कुणी पडलेलं नाही, शिट्टी नाही. मग बघतात काय? बसण्या-उठण्यात तोल जातो का. नजर कुठं आहे, की तलवारीच्या टोकाकडं बघत बसला. पातं ज्या दिशेनं चाललंय त्याच दिशेला धार आहे का, की पातं आडवं होऊन हवा मारतंय. वार जिथं थांबायचा तिथं थांबला का. आणि वार झाल्यावर माणूस ढिला पडला का. याला त्यांचा एक शब्द आहे, झानशिन. साधा अर्थ असा की काम झाल्यावरही सावधपण शिल्लक ठेवणं. तलवार म्यानात जाईपर्यंत, शेवटचं पाऊल मागं येईपर्यंत परीक्षा चालू असते.

चटई कापण्याच्या प्रकारातही जाणकार माणूस तुकडा पडला का हे शेवटी बघतो. आधी बघतो ती खाली उरलेली चटई. ती हललीच नसेल, काप गुळगुळीत असेल, तर वार साफ. चटई खुंट्यासकट डोलली म्हणजे धारेऐवजी ताकद लावली. आणि कापून झाल्यावर तलवार जमिनीवर आपटायच्या बेतात गेली असेल तर अख्खा वार वाया. ज्याला थांबवता आलं नाही त्याला चालवता आलं असं तिकडं मानत नाहीत.

आता आपल्याकडं या.

आपल्याकडं १८७८ ला, म्हणजे जपानच्या त्या हुकुमानंतर अवघ्या दोन वर्षांनी, लॉर्ड लिटनचा शस्त्रबंदीचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. तो ब्रिटिश मुलखाला होता, आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पण पुणे, सातारा, सोलापूर, वऱ्हाड या भागातल्या तालमींवर त्याचा घाव बसला. जी विद्या पोटापाण्याची होती ती सणावाराची झाली. दसरा, गणपती, लग्नाची वरात, मोहरमचे ताबूत. कोल्हापूरला संस्थानाचा आसरा होता, शाहू महाराजांसारखा राजा होता, म्हणून तिथल्या पेठांच्या तालमींत मर्दानी खेळ जास्त धरून राहिला. आजही दांडपट्टा म्हटलं की लोक कोल्हापूरचं नाव घेतात ते उगाच नाही.

पण एक गोष्ट आपण विसरलो. आपल्याकडंही लढतीचा खेळ होता. फरीगदगा ऐकलंय? एका हातात चामड्याची छोटी ढाल, ती फरी. दुसऱ्या हातात चामडं चढवलेली काठी, तो गदगा. दोघं समोरासमोर, वार आणि रोखणी, लागला तो लागला. हे तलवारीचं शिक्षण होतं, रक्त न सांडता. घोड्यावरच्या लोकांसाठी बोथाटी होती, म्हणजे बोथट टोकाचा भाला. हे खेळ नुसते दाखवायचे नव्हते, त्यात हरणारा असायचा. आणि जिथं हरणारा असतो तिथं बघणारा आपोआप शहाणा होतो. कुस्तीचं तेच झालं.

फरी आणि गदगा हे शब्द ओळखीचे वाटले असतील तर बरोबर आहे. आमच्याकडून तासाभरावर नांदेड. तिथं होळीला, दसऱ्याला हल्लाबोल निघतो, निहंग आणि तरुण सरदार गतका खेळतात, हातात काठी आणि फर्री. शब्द तोच, हत्यार तेच. १७०८ ला गुरू गोविंदसिंगजी नांदेडला राहिले, तिथंच त्यांचं निर्वाण झालं, आणि त्यांची शस्त्रं आजही सचखंड हुजूर साहिबमध्ये रोज संध्याकाळी भाविकांना दाखवली जातात. शिखांनी गतका धर्मात ठेवला आणि शिवाय त्याचे नियम करून तो मैदानातही नेला. त्यामुळं काय झालं तर खेलो इंडियाच्या स्पर्धांत देशी खेळ घेतले तेव्हा, २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात, गतका होता, केरळचं कलरीपयट्टू होतं, मणिपूरचं थांग-ता होतं, आपला मल्लखांब होता. मर्दानी खेळ त्या यादीत नव्हता.

मल्लखांब का होता? दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभट देवधर यांच्यापासून तो चालत आला, आणि पुढं कुणीतरी बसून ठरवलं की या उडीला इतके गुण, पाय वाकला तर इतके वजा. कबड्डीचं तेच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं, त्यात कबड्डी होती. त्या कबड्डीचं नियमांचं पुस्तक झालं, १९९० ला ती आशियाई स्पर्धेत गेली. शस्त्रांचे खेळ प्रात्यक्षिकातच राहिले.

बरं, कागदावर काही नव्हतं असंही नाही. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांची मोठी शाळा होती, जुम्मादादा व्यायाम मंदिर. लाठी, जंबिया, फरीगदगा अशा विद्या तिथं कवायतीसारख्या हुकुमांवर, शेकडो पोरांना एकदम शिकवल्या जात. त्याच बडोद्यातून द. चिं. करंदीकर-मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, मराठीत. पैलवान, मल्लखांब, शस्त्रं, सगळं चित्रांसकट. इतकं काम दुसऱ्या कुठल्या देशात झालं असतं तर त्यावरून परीक्षा घेतल्या असत्या. आपल्याकडं ते खंड जुन्या वाचनालयांच्या कपाटात आहेत. उघडून बघा एकदा, सापडले तर.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये शिवजयंतीच्या निमित्तानं राज्य सरकारनं दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. आनंदच आहे. त्याच वर्षी लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, २०२५ ला लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार आली. तिचं पातं युरोपात घडवलेलं. त्यात कमीपणा काही नाही, आपल्याकडं फिरंगी हा तलवारीचा प्रकारच परदेशी पात्यांमुळं पडला. या वस्तूंवर आम्ही पत्रकारांनी रकानेच्या रकाने लिहिले, खरं की खोटं, भाड्यानं की विकत. हत्यार आलं, पण ते चालवणारा हात कसा ओळखायचा, यावर एक रकाना कुठं वाचला नाही.

म्हणून गेली काही वर्षं मी मिरवणुकीत लिंबाकडं बघायचं सोडून दिलंय. जाणत्या वस्तादांना विचारत गेलो, कोल्हापूरकडच्या आणि नांदेडच्याही. कळलं ते सांगतो.

आधी हत्यार समजून घ्या. पट्ट्याचं पातं साधारण चार फूट, सरळ, दुधारी, लवचिक. मुठीच्या जागी पोलादी खोबळं, हात जवळजवळ कोपरापर्यंत आत जातो आणि आतली आडवी दांडी मुठीत धरायची. यामुळं हात सुरक्षित होतो, पण मनगट बांधलं जातं. साधी तलवार मनगटानं खेळवता येते, पट्टा येत नाही. तो कोपरातून, खांद्यातून, कमरेतून आणि शेवटी पायांतून फिरतो. म्हणून बघायचे ते पाय. पवित्रा बदलताना पाय एकमेकांत अडकतात का? उडी मारून खाली आल्यावर तोल शोधायला एक जादा पाऊल पडतं का? वरती पातं गरगर फिरतंय आणि खाली पाय जागेवर रुतलेत, असं दिसलं की समजायचं, पंखा चालू आहे. वारा लागेल, बाकी काही नाही.

दुसरं, आवाजाला भुलायचं नाही. सपसप आवाज जितका मोठा तितकं पातं पातळ. हलक्या पत्र्याचं पातं फार सुंदर गातं. जड, खऱ्या वजनाचं पातं फिरवणारा कमी आवाजात जास्त काम करत असतो, आणि दोन मिनिटांत त्याचा खांदा भरून येतो. तो कधी थांबतो, श्वास कसा घेतो, हे बघायला मजा येते.

मग पाठ. पट्टा हे एकट्यानं अनेकांना अंगावर घ्यायचं हत्यार म्हणून नावाजलं गेलं. गर्दीत शिरून वाट करायची. घोडखिंडीत बाजीप्रभू, पुरंदरावर मुरारबाजी यांच्या लढाया आठवताना आपल्या डोळ्यांपुढं हेच चित्र येतं. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला तर म्हणीतच जाऊन बसला. तर फिरकी घेताना त्या पोराची पाठ किती वेळ उघडी राहते ते मोजा. समोर झकास चाललंय आणि मागं कुणीही येऊन टपली मारून जाईल अशी वेळ असेल, तर तो नाच झाला. नाच वाईट नाही, पण त्याला नाच म्हणू.

आणि थांबणं. एका वस्तादांनी मला फार साधी गोष्ट सांगितली. म्हणाले, "दादा, फिरवायला सहा महिन्यांत येतंय. मधेच थांब म्हटल्यावर जागेवर थांबवायला सहा वर्षं." लवचिक पातं थांबवलं की टोक झोका घेतं, ते उलटून आपल्याच गुडघ्यावर येऊ शकतं. ज्याच्या पात्याचं टोक थांबल्यावर लगेच शांत होतं त्याच्यापुढं मी हात जोडतो. जपानी परीक्षक निशाण वर करायच्या आधी जे शोधत असतो तेच इथं आहे. दोन्हीकडच्या माणसांची कधी गाठ पडली नसेल, पण लोखंड दोन्हीकडं सारखंच वागतं.

राहता राहिलं लिंबू. लिंबालाही अक्कल लावून बघता येतं. जमिनीवर ठेवलेल्या लिंबाला खालून आधार असतो, ते कापणं सोपं. दोऱ्यानं टांगलेल्या लिंबाला आधारच नसतो. धार जरा तिरकी लागली की ते उडून जातं, कापलं जात नाही. तिथं नेम, वेग आणि धारेची दिशा तिन्ही लागतात. केळ मात्र कशानंही कापतं, आमच्या घरी फूटपट्टीनं कापून दाखवतो. म्हणजे टांगलेलं लिंबू ही थोडीफार माणसाची परीक्षा, आणि माणसाच्या गळ्यावरची काकडी? ती आडव्या पडलेल्या माणसाच्या विश्वासाची परीक्षा. पट्टेकऱ्याच्या कसबात तिनं काडीची भर पडत नाही. वस्ताद लोकांत याबद्दल दोन मतं आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काही म्हणतात, ही जुनी चाल आहे, याशिवाय लोक थांबत नाहीत, आणि नेम किती पक्का हे यातूनच कळतं. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे. पण नेम दाखवायला टांगलेलं लिंबू आहे, जमिनीवर आखलेली चुन्याची रेघ आहे. खाली बारा वर्षांचं लेकरू ठेवायची गरज मला पटत नाही. त्याची आई गर्दीत उभी असते, पदर तोंडाशी धरून. तिच्याकडं कॅमेरा फिरवत नाही कुणी.

पोलीस ठाण्यात बसलं की या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. दर महिन्याला कुठं ना कुठं वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला म्हणून गुन्हा दाखल, आर्म्स ॲक्ट कलम ४/२५. पोरं अठरा-वीस वर्षांची. त्यांना विचारलं की सांगतात, मिरवणुकीत चालतं मग इथं का नाही? कायदेशीर उत्तर त्यांना फौजदार देतो. पण खरं उत्तर देणारा वस्ताद त्यांच्या आयुष्यात आलेलाच नसतो. ज्या पोराला पहिली दोन वर्षं नुसत्या काठीवर पवित्रे काढायला लावलेत, तो केकवर तलवार काढणार नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. पण त्याला लाज वाटेल, एवढं नक्की. काय बघायचं ते कळलं की काय दाखवायचं तेही कळतं.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी एवढंच मांडलं. मिरवणुकीत गळ्यावर, पोटावर काही ठेवायचं नाही, लिंबू टांगायचं. वर्गणीतला थोडा पैसा बाजूला काढून फरीगदग्याच्या पाच जोड्या लावायच्या, काठीला चामडं, डोक्याला हेल्मेट, लागला वार की एक गुण. परीक्षक तीन, त्यात एक नांदेडहून गतक्याचा जाणकार बोलवायचा, आणि पुढारी एकही नाही. पहिल्या तीन गोष्टी टाळ्यांनी मंजूर झाल्या. शेवटच्या मुद्द्यावर दीड तास चर्चा झाली आणि बैठक पुढच्या रविवारवर गेली.